सुई घेतली, आजारही होऊन गेला. आता किती वर्षं बिनघोर?

या महिन्याच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या वेशात आला आहे. एका वाचकाने तो थेट अहिराणीत विचारला: ‘एक डाव सुई लिधी म्हंजे कितला वरीस चालस?’ एका आकड्यात सांगता आलं असतं तर हे सदर अर्ध्या पानात आटोपलं असतं. पण धनुर्वाताचा हिशोब वेगळा, गोवराचा वेगळा, कोविडचा तर त्याहून वेगळा. म्हणून पत्रं एकेक करून घेतली आहेत. माणसांच्या प्रश्नांना आमच्या डॉक्टरांनी आणि गुरांच्या प्रश्नाला पशुवैद्यकांनी उत्तर दिलं आहे.

प्रश्न : पऱ्हाटी उपटताना मोडून राहिलेला खुंट चप्पल भेदून पायात घुसला. मागच्या वर्षी विळा लागला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं. गावात म्हणतात, सहा महिने उलटले की परत घ्यावंच लागतं. खरं आहे का? (शेतकरी, वय ५२, चोपडा तालुका)

उत्तर : सहा महिन्यांच्या या हिशोबाला आधार नाही, तरी खेडोपाडी तो पक्का बसलाय. डॉक्टरांनी तुम्हाला दोन गोष्टी विचारायला हव्यात. आयुष्यात धनुर्वाताच्या लशीचे किमान तीन डोस झालेत का? आणि शेवटचा कधी झाला?

तीन झाले असतील तर नियम सोपा आहे. भाजी चिरताना सुरी लागली अशी स्वच्छ, वरवरची जखम असेल आणि शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच नवा डोस. माती-शेण लागलेली, खोल टोचलेली किंवा चिरडलेली जखम असेल तर पाच वर्षांनंतर. पऱ्हाटीचा खुंट दुसऱ्या प्रकारात मोडतो. तुमचा डोस वर्षभरापूर्वीचा आहे, तेव्हा आधीचे डोस पूर्ण असतील तर आज इंजेक्शनची गरज नाही. गरज आहे ती जखम उघडून, आतला काडीचा तुकडा काढून, भरपूर पाण्याने धुण्याची. हा जंतू हवा न पोचणाऱ्या जागी वाढतो. वरून बुजलेली आणि आत काडी राहिलेली जखम त्याला हवी तशीच मिळते. दोष गंजलेल्या लोखंडाचा नसतो, मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बीजाणूंचा असतो.

खरी अडचण तुमच्या वयाची आहे. देशातला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या अनेकांना लहानपणीचे डोस मिळालेच नाहीत. बायकांना निदान बाळंतपणात मिळाले. पुरुषांची पाटी बहुधा कोरी. मागच्या वर्षीची सुई ही तुमची आयुष्यातली पहिलीच असेल तर तुम्ही सुरक्षित नाही. त्या स्थितीत आज एक डोस, आणि सोबत दुसऱ्या जागी धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन, सहसा २५० युनिट. ते म्हणजे तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी). लगेच कामाला लागतात आणि काही आठवड्यांत संपतात. लशीला मात्र नवख्या शरीरात दोन आठवडे किंवा जास्त लागतात, आणि धनुर्वात तर जखमेनंतर ३ ते २१ दिवसांत उभा राहतो. आयुष्यातले तीन डोस पूर्ण झाले की दर दहा वर्षांनी एक. ज्यांची सुरुवातच आज आहे त्यांनी दुसरा डोस चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी घ्यायचा.

आणखी दोन-तीन गोष्टी. २०१९ पासून सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी मिळते; तीत धनुर्वातासोबत घटसर्पाचीही लस असते, म्हणून वेगळी काहीतरी दिली असं समजू नका. उगाच वारंवार सुया घेणाऱ्यांचा दंड काही वेळा खांद्यापासून कोपरापर्यंत टरारून सुजतो. शरीरात आधीच भरपूर प्रतिपिंडं असतात, त्यांची नव्या लशीशी गाठ पडते आणि सूज येते. अशांनी पुढची दहा वर्षं डोस घेऊ नये. आणि मेडिकलमधून कुपी आणून डॉक्टरांकडे नेणार असाल तर मे महिन्याच्या ४५ अंशांत ती खिशात नको, तशीच बर्फालाही चिकटलेली नको. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि उन्हाइतकीच ती गोठूनही वाया जाते. एकदा गोठली की त्यातला ॲल्युमिनियमचा क्षार गुठळ्या होऊन तळाशी बसतो. मग ती टोचून दंड दुखेल, संरक्षण मिळणार नाही.

धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस लागते, हे बहुतेकांना पटत नाही. त्या जंतूचं विष इतकं जहाल की जीव घेणारी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटायला पुरत नाही. आजार होऊन गेला म्हणजे सुटलो, हा हिशोब इथे साफ चुकतो.

प्रश्न : २०२१ मध्ये कोविड झाला, नंतर कोविशिल्डचे दोन आणि बूस्टर असे तीन डोस घेतले. आता लॅबवाले पॅकेजमध्ये अँटिबॉडी तपासणी देतात. ती करून अजून किती संरक्षण उरलंय ते कळेल का? मधुमेह आहे. (निवृत्त शिक्षक, वय ६८, अमळनेर)

उत्तर : नाही कळणार. ते पैसे एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीवर घाला.

कारण समजून घ्या, कारण याच गोष्टीत सगळ्या पत्रांचं मर्म आहे. संसर्ग किंवा लस झाल्यावर रक्तात प्रतिपिंडांचा पूर येतो. तो बनवणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत आकडा झपाट्याने घसरतो. ‘प्रतिकारशक्ती तीन महिन्यांत संपते’ अशा बातम्या २०२० साली आल्या त्या या घसरणीवरून. पण थोड्या पेशी अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू प्रतिपिंडं सोडत राहतात. शिवाय स्मृतिपेशी असतात. त्या एरवी गप्प असतात. जंतू परत दिसला की चार-पाच दिवसांत फौज उभी करतात. लॅबचा आकडा फक्त रक्तात तरंगणारी प्रतिपिंडं मोजतो. स्मृतिपेशी आणि टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी) त्यात येत नाहीत. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ‘इतक्यावर असेल तर सुरक्षित’ अशी सर्वमान्य रेषाही कोविडसाठी आखलेली नाही.

मग स्मृती असूनही कोविड पुन्हा का होतो आणि गोवर का होत नाही? गोवराला अंगावर पुरळ उठेपर्यंत दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर स्मृतिपेशी जाग्या होऊन काम उरकतात. कावीळ ‘ब’चा विषाणू तर दीड ते सहा महिने घेतो. म्हणून निरोगी माणसाला तिची लस घेतल्यावर वीस-तीस वर्षांनी प्रतिपिंडं जवळपास दिसेनाशी झाली तरी बूस्टर लागत नाही. कोविडचा ओमायक्रॉन प्रकार मात्र तीनेक दिवसांत नाका-घशात पसरतो. स्मृती जागी होईपर्यंत सर्दी-ताप येऊन गेलेला असतो, पण फुप्फुसापर्यंत जाण्याआधी त्याला अडवलं जातं. त्यात हा विषाणू रूप बदलत राहतो आणि गोवराचा बदलत नाही. म्हणून ‘किती दिवस टिकते’ असं विचारताना ‘कशापासून’ हेही विचारायला हवं. संसर्गापासूनचं संरक्षण महिन्यांत मोजायचं. गंभीर आजारापासूनचं बरंच जास्त टिकतं. कोविडच्याच कुळातल्या २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या होत्या.

नव्या आजाराबाबत तज्ज्ञ मुदत सांगायचं टाळतात, त्यात लपवाछपवी नसते. संरक्षण पाच वर्षं टिकतं का, हे कळायला पाच वर्षं जावीच लागतात. गोवराचं आपल्याला खात्रीने माहीत आहे ते अशाच एका योगायोगामुळे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली, त्यानंतर थेट १८४६ मध्ये. दुसऱ्या साथीत सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० च्या आसपास आजारी पडले. पण लहानपणी १७८१ ची साथ काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही गोवर झाला नाही, असं पानुम या डॅनिश डॉक्टराने नोंदवलं. पासष्ट वर्षं, आणि मधे गोवराचा वाराही नाही! अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच माणसं वर्षानुवर्षं तपासली. प्रतिपिंडं निम्मी व्हायला धनुर्वाताला ११ वर्षं, घटसर्पाला १९, कांजिण्यांना ५० आणि गोवराला २०० हून जास्त वर्षं लागतील असा हिशोब निघाला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून धडधाकट प्रौढांना कोविडचे वरचेवर डोस सुचवत नाही. वृद्ध, जोडआजार असलेले आणि प्रतिकारशक्ती दबलेले यांचा विचार वेगळा होतो. मधुमेहामुळे तुम्ही त्या दुसऱ्या गटात येता, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्याच भेटीत फ्लूच्या लशीचंही विचारा. तिचं संरक्षण साधारण सहा महिन्यांत ओसरू लागतं आणि विषाणूही बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर तयारीला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी.

प्रश्न : मुलीला सातव्या महिन्यात गोवर निघाला होता, असं घरचे म्हणतात. आता आशाताई नवव्या महिन्याच्या लशीसाठी मागे लागल्या आहेत. एकदा निघाल्यावर कशाला? (शिरपूर)

उत्तर : आशाताईंचं ऐका. लहान बाळाच्या अंगावर पुरळ उठवणारे डझनभर आजार आहेत. रक्ततपासणी झाली नसेल तर ‘घरचे म्हणतात’ यावर विसंबू नये. खरंच गोवर झाला असला तरी लशीने अपाय होत नाही, आणि त्याच सुईत रुबेलाची लसही असते. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत चुकवू नका. पहिल्याचा असर उतरतो म्हणून दुसरा देतात, असा समज आहे, तसं नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात उरलेली असतात आणि ती लशीलाच निकामी करतात. त्यामुळे नवव्या महिन्याचा डोस १०० पैकी ८५ बाळांनाच लागू पडतो. उरलेली १५ कोणती ते बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच दुसरी संधी. लशीनंतर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप, हलकं पुरळ आलं तर घाबरू नका.

प्रश्न : मागच्या दिवाळीत डेंग्यू झाला. एकदा झाला की परत होत नाही ना? (धुळे)

उत्तर : होतो, आणि दुसरा जास्त जपण्यासारखा. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. जो झाला त्याच्यापासून जन्मभर संरक्षण, बाकी तिघांपासून थोडे महिनेच. पुढे त्या तिघांपैकी एक आला तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला विषाणूला त्यांचीच मदत होते. म्हणून पुढच्या वेळी ताप आला की डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मला एकदा डेंग्यू होऊन गेलाय’. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. ‘ताप उतरला, आता बरं वाटेल’ म्हणून घरी थांबलेलेच रुग्ण उशिरा येतात.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे ड्रम आणि रांजण भरून ठेवणं टळत नाही. पण डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात. आठवड्यातून एकदा नुसतं ओतून भागत नाही, काथ्याने कडा घासा.

चिकुनगुन्याचं बरं आहे: त्याचा एकच प्रकार धरतात, आणि एकदा होऊन गेला की संरक्षण दीर्घकाळ राहतं. सांधे मात्र महिनोन्‌महिने आठवण देतात.

प्रश्न : लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या. आता साठीत नागीण निघाली. प्रतिकारशक्ती संपली का? (पारोळा)

उत्तर : कांजिण्यांपुरती नाही, बाहेरून नव्याने त्या तुम्हाला होणं दुर्मिळ. पण तो विषाणू तेव्हापासून मज्जातंतूंच्या मुळाशी झोपलेला होता. वयाने टी पेशींचा पहारा सैल झाला आणि तो बाहेर आला. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर जास्त उपयोग. फोड वाळेपर्यंत गरोदर बायका आणि कांजिण्या न झालेली मुलं दूर ठेवा. ‘नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो’ हे विसरा. ती एका बाजूच्या एकाच मज्जातंतूवर उठते, त्यामुळे विळखा पुरा होतच नाही. पन्नाशीनंतर घ्यायची लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलची काही मुलं आहेत. त्यांना लसी इतरांसारख्याच की वेगळ्या? (शिक्षिका, धडगाव)

उत्तर : सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आधी मुलांच्या कार्डावर ‘एएस’ आहे की ‘एसएस’ ते पाहा. एएस म्हणजे वाहक. त्यांना वेगळं काही लागत नाही. एसएस म्हणजे आजार असलेली मुलं. त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, आणि न्यूमोनिया आणणाऱ्या न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळण्याचं काम तिचंच. म्हणून त्यांना नेहमीच्या लसी वेळेवर हव्यातच, शिवाय काही जादा.

न्यूमोकोकसची कॉन्जुगेट लस आता सरकारी वेळापत्रकात आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ती झालेली नसेल तर आधी ती. वयाची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस, आधीच्या डोसनंतर किमान आठ आठवड्यांनी. आणि पाच वर्षांनी तिचा दुसरा डोस. पाच वर्षांनी परत का? ही लस जंतूच्या वरचं नुसतं साखरेचं कवच असते. तिला प्रतिपिंडं बनतात, पण टी पेशींची मदत मिळत नाही, त्यामुळे स्मृती बसत नाही आणि संरक्षण विरत जातं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती लागूच पडत नाही. तेच कवच प्रथिनाला जोडलं की कॉन्जुगेट लस होते आणि स्मृती तयार होते. टायफॉइडमध्येही हाच फरक: जुनी साखरेची लस दर तीन वर्षांनी, नवी कॉन्जुगेट लस जास्त टिकते. सिकलसेलच्या मुलांच्या हाडात टायफॉइडच्या जातकुळीतले जंतू घर करतात, तेव्हा ती लसही द्यावी. फ्लूची दरवर्षी. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकल लशीचं डॉक्टरांना विचारा.

पाच वर्षांखालच्या मुलांना पेनिसिलिनची गोळी दिवसातून दोनदा, न चुकता. तुमच्याकडची मुलं त्याहून मोठी असतील, पण घरी धाकटं भावंड असेल तर चौकशी करा. आणि वसतिगृहात थर्मामीटर ठेवाच. सिकलसेलच्या मुलाचा ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर ‘सकाळी बघू’ नको. रात्री घाट उतरावा लागला तरी उतरायचा. या मुलांत जंतू रक्तात पसरायला काही तास पुरतात, मग लसी कितीही पूर्ण असोत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कुत्रं चावलं तेव्हा सगळी इंजेक्शनं पूर्ण केली. आता परत दुसरं चावलं. पहिल्यापासून सुरू करायचं का? (शहादा)

उत्तर : नाही. पूर्ण कोर्स झाल्याचा कागद असेल तर फक्त दोन भेटी: आज, आणि आजपासून तीन दिवसांनी. कातडीत देत असतील तर दर वेळी ०.१ मिली एकाच जागी. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. रेबीजच्या लशीची स्मृती दशकानुदशकं टिकते. ती जागी करायला दोन डोस पुरतात. पण त्या जागं करण्यावर पाणी सोडू नका: जुनी लस आहे म्हणून काहीच न घेणं इथे चालत नाही, रेबीज झाल्यावर उपाय नाही. जुना कोर्स अर्धवट असेल, कागद सापडत नसेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर नव्याने पूर्ण कोर्स: कातडीत असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही.

यातलं काहीही करण्याआधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. चुना, तिखट, तेल काही भरू नका.

प्रश्न : आमच्या बैलाला २०२२ मध्ये लंपी होऊन गेला. आता दरवर्षी लस टोचायला सांगतात. लाळ्या-खुरकूतची तर सहा महिन्यांनी. इतक्यांदा कशाला? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : राज्यात २०२२ ची लंपीची साथ तुमच्याच तालुक्यातून सुरू झाली, त्यामुळे तुम्हाला तिची झळ सांगायला नको. बरं झालेलं जनावर लवकर परत आजारी पडत नाही. पण गोठ्यातली सगळी जनावरं आजारी पडली होती असं नाही, आणि कोणतं खरंच लंपीने सुजलं होतं हे आता सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांना वर्षातून एकदा शेळ्यांच्या देवीची लस, कातडीखाली १ मिली. असर यायला तीनेक आठवडे लागतात, तेव्हा माश्या-गोचीड वाढायच्या आधी टोचून घ्या. साथ गोठ्यात शिरल्यावर टोचलेलं जनावर आजारी पडलं तर दोष लशीला देतात. बहुधा जंतू आधीच अंगात असतो. लस देणाऱ्याला प्रत्येक जनावरागणिक सुई बदलायला लावा. एकच सुई फिरली तर लस देतानाच लंपी पसरतो. पाण्यात कालवलेली लस बर्फावर ठेवून काही तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी नाही.

लाळ्या-खुरकूतची लस मेलेल्या विषाणूची. तिचं संरक्षण सहा महिन्यांच्या आसपास उतरतं. शिवाय आपल्या देशात त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाचा आजार दुसऱ्यापासून वाचवत नाही. वासराला पहिली लस चौथ्या महिन्यात आणि महिन्याभराने बूस्टर. हा बूस्टर चुकला की पहिली वाया गेल्यातच जमा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी. नाव एकच असलं तरी गुरांचा घटसर्प आणि लेकरांचा घटसर्प हे दोन वेगळ्या जंतूंचे आजार आहेत, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न : मुलगा कामासाठी पुन्हा केनियाला चाललाय. पीतज्वराची लस २०१२ मध्ये घेतली होती, पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली आहे. परत मुंबईला जाऊन घ्यावी लागेल का? (भुसावळ)

उत्तर : नाही. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर वैध धरला जातो, जुना असला तरी. एका डोसचं संरक्षण दहा वर्षांनंतरही टिकतं असं दिसल्यावर नियमच बदलला. परतताना विमानतळावर हाच दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तेव्हा पुस्तिका पासपोर्टसोबत राहू द्या. आणि त्यावरची मुदत पेनाने खोडून स्वतः ‘आजीवन’ असं लिहू नका. खाडाखोड दिसली तर दाखला बाद होऊ शकतो.